श्रुतलेखनाची वही

माझ्यावर सगळ्यांत जास्त उपकार कोणाचे, असं कोणी विचारलं तर आईवडिलांच्याही आधी मला एक माणूस आठवतो. तो माझा जोडीदार. सत्तरच्या दशकात सोलापुरात आम्ही दोघं हलगीच्या ठेक्यावर यमकं बोलत उभे राहायचो, म्हणून जोडीदार. त्याचं नाव मी इथे लिहीत नाही. जिथे ते यायला हवं होतं तिथून मी ते एकदा काढून टाकलं. आता निवांत बसून लिहिलेल्या लेखात ते घालावं आणि आपण मोकळं व्हावं, हे मला बरं वाटत नाही.

मी केमचा. वडील रेल्वेत गँगमन होते. घरात शिकलेलं कोणी नव्हतं. शाळेत मला एकच गोष्ट फार चांगली यायची, ती म्हणजे श्रुतलेखन. गुरुजी बोलतील ते मी काना-मात्रा न चुकवता उतरवून घ्यायचो आणि दहापैकी दहा मिळवायचो. मॅट्रिक झालो तेव्हा गुरुजींनी मला एक दोनशे पानी वही दिली आणि कौतुकानं तिच्यावर स्वतःच्या हातानं लिहिलं : 'श्रुतलेखन'. ती वही, एक पत्र्याची पेटी आणि वडिलांच्या ओळखीच्या एका माणसाची चिठ्ठी घेऊन मी सोलापूरला कॉलेजसाठी उतरलो.

चिठ्ठीवर मला एका मागाच्या कारखान्याच्या माळ्यावर झोपायला जागा मिळाली. खाली आठ माग चालायचे. सूत ठेवायच्या त्या माळ्यावर फळ्या हालायच्या आणि पुस्तकातली अक्षरंही हालायची. तिसऱ्या दिवशी खालच्या मागावरचा एक पोरगा, माझ्याहून दोनेक वर्षांनी मोठा, शिडी चढून वर आला.

"काय करालास बे?"

"वाचतोय."

"हितं? हितं तर मागाला पण झोप येत नाही. घरी चल."

मला वाटलं, जेवायला बोलावतोय. मी गेलो तो सव्वाचार वर्षं तिथेच राहिलो. दोन खोल्या आणि आधीचीच पाच माणसं. त्याची आई, जिला पुढे मीही अम्मा म्हणू लागलो, दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळायची. घरात सगळे तेलुगू बोलायचे. मला तेलुगू येत नव्हतं आणि तिला मराठी कामापुरतं यायचं, त्यामुळे आमचं बोलणं बहुतेक एका शब्दाचं असायचं. मी कॉलेजातून आलो की ती मान वर न करता विचारायची, "तिन्नावा?" जेवलास का? मी 'न्हाय' म्हणायचो. तेवढं तिला कळायचं.

कॉलेजात मात्र माझ्या 'न्हाय'ला सगळे हसायचे. "तू हायस का न्हाईस?" असं एकानं हजेरीच्या वेळी विचारलं तेव्हापासून मी वर्गात तोंड उघडणं बंद केलं होतं. ते जोडीदारानं उघडलं.

झालं असं, की दुपारी मी त्याचा डबा घेऊन कारखान्यात जायचो. मागांच्या आवाजात माणसं ओठ बघून बोलतात, खुणा करतात. हा मात्र मागासमोर उभा राहून सारखा काहीतरी पुटपुटत असायचा. एकदा मी त्याच्या तोंडाशी कान नेला. तो यमकं बोलत होता. गाणं नव्हतं ते, चाल अशी नव्हतीच. सरळ बोलणं, पण ठेक्यात, भरभर, एका दमात.

"कोणाशी बोलतोस?"

"मागाशी. त्याला काय, कोणी बोललं तरी चालतं की."

मग त्यानं मला त्यातली युक्ती दाखवली. धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा लाकडी तुकडा, एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला जातो तेव्हा 'खटक' होतं. त्या खटक्यावर बोललेला शब्द मरतो. दोन खटक्यांच्या मधल्या जागेत शब्द टाकायचा, खटक्याला गप्प राहायचं. "मागाला मधे बोलू दे, मग तू बोल," तो म्हणाला. मी करून बघितलं. दुसऱ्याच ओळीला माझा दम संपला, तेव्हा त्यानं माझा शेवटचा शब्द उचलला आणि तिथून पुढे तो बोलायला लागला. त्याचा दम संपला तेव्हा मी त्याचा उचलला. आमची जोडी तिथे झाली.

पुढे आमची रीतच ती होती. एकानं सोडलेला शब्द दुसऱ्यानं उचलायचा, मधे श्वासाएवढीही फट पडू द्यायची नाही. तो सुरू करायचा :

खटक खटक माग चाले, धोटा धावे इकडून तिकडं,
दोरा तुटला, हात थांबला, मालक बघतो वाकडं.

आणि मी 'वाकडं' खाली पडायच्या आत झेलायचो :

वाकडं बघू दे, सरळ विणू दे, चादर जाईल परगावी,
परगावच्या पाहुण्याला आमच्या हाताची ऊब मिळावी.

माझ्या तोंडच्या ओळीसुद्धा त्याच्याच असायच्या, हे मी इथेच सांगून टाकतो. तो बांधायचा, मी पाठ करायचो. आमच्यात गाणं 'बांधलं' असंच म्हणत. त्याची शाळा तेलुगूत, तीही चौथीपर्यंत. मराठी अक्षरं तो दुकानांच्या पाट्या वाचत शिकला होता. सावकाश वाचायचा, पण लिहिता येत नव्हतं. आठवड्याच्या सुट्टीला तो अंगणात बसून सांगायचा आणि मी गुरुजींच्या वहीत उतरवून घ्यायचो. शाळेच्या सवयीनं प्रत्येक पानाच्या वर लिहायचो : 'सांगणार' आणि त्याचं नाव, 'लिहून घेणार' आणि माझं. तो हसायचा. "पोलीस पंचनामा करालास काय बे?"

ठेक्याला कारखान्यातले चाचा असायचे. ते जॉबर होते, म्हणजे बिघडलेले माग दुरुस्त करणारे. सरावाला ते सुताच्या कांड्यांचा रिकामा डबा वाजवायचे आणि गणपतीत मंडपासमोर हलगी. चाचांनीच आम्हाला पहिल्यांदा मंडपात उभं केलं. त्या दिवशी मी शेकडो माणसांसमोर मोठ्यानं 'न्हाय' म्हणालो आणि कोणी हसलं नाही, उलट टाळी पडली. पुढच्या वर्षी चार पेठांतून बोलावणी आली. आमचा खेळ लोकांनी 'बडबड' म्हणून ओळखायला सुरुवात केली. "ओ बडबडवाले, आज आमच्या चौकात या की!" असं बायकासुद्धा ओट्यावरून म्हणायच्या.

बांधणाऱ्यानं शेवटच्या ओळीत आपलं नाव घालायचं, ही जुनी रीत. आमच्या शेवटच्या ओळीत दोन नावं होती. आधी त्याचं, पाच मात्रांचं, मग माझं :

अमका बोले, तमका डोले, दोघांचा हा एकच दम!

अमका तो आणि तमका मी. "तू डोलतोस बे नुसता, खरं तेच घातलंय," तो म्हणायचा. ही ओळ आली की समोरचे लोक आमच्याबरोबर ओरडायचे. त्याच्या नावाला जास्त जोरात, कारण तो त्यांच्यातला होता.

तिसऱ्या वर्षी कॉलेजच्या स्नेहसंमेलनात मला एकट्याला उभं राहावं लागलं. बाहेरच्या माणसाला स्टेजवर परवानगी नव्हती. इथवर माझी चूक नाही. मी एकच तुकडा बोललो, शेवटच्या ओळीपर्यंत गेलोच नाही, दम संपला. तरी मुलांनी बाकं वाजवली. दुसऱ्या दिवशी मराठीच्या सरांनी मला बोलावलं. मी वही घेऊन गेलो. सरांनी मधलीच चार पानं वाचली, चष्मा काढला आणि विचारलं, "हे कोणी लिहिलंय?"

त्यांनी 'कोणी बांधलंय' असं विचारलं असतं तर मला खरं सांगावंच लागलं असतं. त्यांनी 'लिहिलंय' म्हटलं. वहीतलं अक्षर न् अक्षर माझ्या हातचं होतं.

"मी लिहिलंय, सर."

"ही वर नावं कसली?"

"ते असंच, सर. सरावाला एक मित्र असतो."

सर म्हणाले, "अरे, तू कवी आहेस." आम्हाला दोघांना लोक बडबडवाले म्हणत होते. कवी असं मला एकट्यालाच कोणीतरी पहिल्यांदा म्हणालं. मी सरांसमोर उभा होतो आणि पाठीवरून कोणी हात फिरवावा तसं वाटत होतं. मला आजही ते वाटणं आठवतं, आणि त्यानंच जास्त लाज वाटते. माझ्यावर कोणी जबरदस्ती केली नव्हती. दोघांची नावं सांगितली असती तर सरांनी दोघांची लिहिली असती.

सरांनी पुण्याला रेडिओवर पत्र घातलं. दोन महिन्यांनी कॉलेजच्या पत्त्यावर मला एकट्याला बोलावणं आलं. घरी मी सांगितलं, नोकरीच्या मुलाखतीला चाललोय. जोडीदारानं त्याचा इस्त्रीचा शर्ट दिला.

गाडीत मी शेवटची ओळ घेऊन बसलो होतो. त्याचं नाव काढलं की पाच मात्रांचं भोक पडत होतं. कुर्डुवाडी गेली तरी काही सुचेना. गाडी केमला थांबली तेव्हा वडील रुळावर असतील म्हणून मी खिडकीतून तोंड आत घेतलं, आणि नेमकं तेव्हा मला ते सापडलं. 'माग हा बोले.' बोटांवर मोजलं. 'माग हा'च्या पाच मात्रा बरोबर बसल्या. पुढचं काहीच बदलावं लागलं नाही. 'दोघांचा' हा शब्दसुद्धा तसाच चालला.

नंतर सरांना ती ओळ फार आवडली. "माग बोलतो आणि विणकर डोलतो, दोघांचा एकच दम! काय कल्पना आहे!" मी कधी मागावर उभा राहिलो नव्हतो. दोरा तुटला तर गाठ मारायलाही मला येत नव्हतं.

रेडिओच्या कागदावर राहण्याचा पत्ता मी सवयीनं जोडीदाराच्या घरचा लिहिला होता. त्यामुळे कार्यक्रम कधी लागणार याचं पत्र घरी आलं, आणि मी कॉलेजात असताना ते जोडीदाराच्या हातात पडलं. त्यानं एकेक अक्षर लावून वाचलं. संध्याकाळी मी आलो तर तो दारातच उभा.

"मुलाखत म्हणे! रेडिओवर बोललास आणि मला सांगत नाहीस बे? डुकरा!"

मी म्हणालो, "अचानक ठरलं. एकालाच बोलावलं होतं."

"मग? एक गेला की दुसरा गेलाच की. मालकाला सांगितलंय मी. त्या दिवशी दहा मिनिटं माग बंद."

मी त्याला टाळायचा प्रयत्न केला. वेळ बदलते, कधी कधी लागतच नाही, असं सांगितलं. त्यानं ऐकलं नाही. त्या दिवशी संध्याकाळी मालकाच्या खोलीतला रेडिओ खिडकीत ठेवला. अम्माही सूप घेऊन आली होती. जोडीदारानं हात वर केला आणि आठ माग एकामागून एक थांबले. तीन वर्षांत मी तो कारखाना असा गप्प कधी ऐकला नव्हता.

माझं नाव सांगितलं गेलं. चाचांनी "वा रे मेरे शेर" म्हटलं. मग माझा आवाज आला. आपला आवाज बाहेरून ऐकला तर तो इतका पातळ असतो हे मला माहीत नव्हतं. दोन ओळी झाल्या आणि मधे एक भोक पडलं. तिथे मी श्वास घेतला होता. तिथे शब्द उचलायला कोणी नव्हतं.

पुढच्या भोकाला जोडीदारानं मागाच्या लाकडावर थाप दिली आणि माझा शब्द उचलला. मग दर भोकाला तो उचलत गेला. मी रेडिओत आणि तो कारखान्यात. चाचांनी डबा ओढून घेतला. माझा प्रत्येक श्वास त्यानं भरून काढला. त्याला घाम आला होता आणि तो माझ्याकडे बघून हसत होता. मी मागाची कड धरून उभा होतो. शेवटची ओळ यायला किती वेळ आहे तेवढंच मोजत होतो.

ती आली. त्यानं तोंड भरून आपलं नाव घेतलं आणि त्याच वेळी रेडिओ म्हणाला, 'माग हा'.

दोन्ही एकमेकांवर आपटले. 'बोले' रेडिओ एकटाच म्हणाला. जोडीदाराचा हात लाकडावर तसाच राहिला. पुढचं माझं नाव, दोघांचा एकच दम, सगळं त्या गप्प कारखान्यात स्वच्छ ऐकू आलं.

चाचा म्हणाले, "अरे, तेरा नाम किदर गया रे? खा लिया क्या रेडिओने?"

जोडीदार माझ्याकडे बघत नव्हता. तो म्हणाला, "खरखर झाली, चाचा. नेमकी तितंच खरखर झाली."

"खरखर? मेरेकू तो—"

"खरखरच होती. चला, माग चालू करा."

तो आपल्या मागाकडे गेला. जाताना मला एवढंच म्हणाला, "दम कमी पडतो बे तुझा." मग आठही माग सुरू झाले आणि कोणाला काही बोलायची गरज उरली नाही.

मला वाटलं होतं, आता घरातून जावं लागेल. घरी गेलो तर अम्मानं विचारलं, "तिन्नावा?" मी 'न्हाय' म्हणालो. ताट नेहमीसारखं वाढलं गेलं. जोडीदार भांडला असता तर मी माफी मागितली असती, असं मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आलो. ते खरं नाही. तो भांडला नाही, याचा मी फायदा घेतला.

त्या वर्षीच्या गणपतीत बोलावणी आली तेव्हा तो म्हणाला, "तू जा, मागावर माझी पाळी हाय." पुढच्या वर्षीही पाळीच होती. चाचा त्यानंतर हलगी घेऊन आलेच नाहीत. मी एकटा जाऊ लागलो. रेडिओवर ऐकलेला कवी म्हणून शाळा, वाचनालयं, सत्कार समारंभ यांतून बोलावणी वाढली. बी.ए. झालो, माढ्याला शाळेत नोकरी लागली. एस.टी. स्टँडवर माझी पेटी त्यानंच वर टाकली आणि म्हणाला, "पोरांना सावकाश शिकव. दम लागतो तुला." माढ्याला गेल्यावरही मी दोन वर्षं एकट्यानं ते बोलत राहिलो. दर वेळी तीच ओळ, तीच टाळी. दर वेळी 'माग हा' म्हणताना त्याचं नाव आधी जिभेवर यायचं आणि मी ते गिळायचो. नवं मी काही केलं नाही. तीन-चार वेळा बसलो होतो, पण यमकं जुळायची आणि त्यात काही नसायचं. ऐकून उतरवायला मात्र मला अजून येत होतं.

मग पुण्याच्या एका प्रकाशकाचं पत्र आलं. नव्या लोकगाण्यांचं पुस्तक निघणार होतं, त्यात 'माग हा बोले' घ्यायचं होतं. सोबत एक छापील कागद होता : 'ही रचना माझी स्वतःची आहे', खाली सहीची जागा. स्वच्छ प्रत काढून द्यायची म्हणून मी पेटीतून वही काढली. कितीतरी दिवसांनी ती वही मी पहिल्या पानापासून उघडत होतो. वर गुरुजींचं अक्षर : 'श्रुतलेखन'. आणि मग प्रत्येक पानावर 'सांगणार', त्याचं नाव, 'लिहून घेणार', माझं नाव. माझ्याच हातानं, दहापैकी दहा मिळवणाऱ्या अक्षरात, काना-मात्रा न चुकवता. शेवटच्या दोन पानांवर, सरांनी कवी म्हटलं त्या आठवड्यात, मी नुसत्या माझ्या सह्या करून बघितल्या होत्या.

मी त्या कागदावर सही केली नाही. त्या रविवारी मी त्याला पत्र लिहिलं. ते असं :

प्रिय जोडीदारा,

अक्षर मोठं काढलंय. दुसऱ्याकडून वाचून घेऊ नकोस, सावकाश तूच वाच.

त्या दिवशी रेडिओत खरखर झाली नव्हती. तुझं नाव मी काढलं होतं. तुला ते तेव्हाच कळलं, पण मी माझ्या तोंडानं कधी सांगितलं नाही, म्हणून आज लिहितोय. ते चुकून राहिलं नव्हतं. गाडीत बसून, बोटांवर मात्रा मोजून काढलं. तुझा शर्ट अंगात होता.

सरांनी विचारलं होतं, कोणी लिहिलंय, आणि मी म्हणालो, मी. बांधलं तू होतंस. पुण्याला एका पुस्तकात ते छापणार आहेत. त्यांना मी कळवलंय की बांधणारा तू आहेस, मी फक्त उतरवून घेतलं. शेवटची ओळ पहिली होती तशी लिहून पाठवली आहे. तशी छापायची नसेल तर छापू नका, असंही लिहिलंय. सरांनाही वेगळं पत्र घातलंय. चाचांना तू सांग, किंवा मी येऊन सांगेन. त्यांनी हलगी का बंद केली ते मला माहीत आहे.

मी एकट्यानं बोलायचं बंद केलं आहे. तू मला परत जोडीला घे, असं म्हणायला हे पत्र नाही.

अम्मांना माझा नमस्कार. जेवतो म्हणून सांग.

सोबत वही रजिस्टरनं पाठवतोय. ती तुझी आहे. शेवटची दोन पानं फाडावीशी वाटली होती, पण फाडली नाहीत. तू बघ आणि पाहिजे तर फाड. रजिस्टरला पोचपावती जोडली आहे. पोस्टमन त्यावर सही मागेल, अंगठा देऊ नकोस. तुझं पूर्ण नाव लिही, तेलुगूत लिहिलंस तरी चालेल. ती पावती परत माझ्याकडे येते.

तुझा,
लिहून घेणार